काचबंद गॅलरीतील ऊन-सावली
ज्येष्ठांच्या आवडत्या जागेचे बारमाही नियोजन

शहरातील सदनिकांत राहणाऱ्या ज्येष्ठांचा दिवस घरातील कोणत्या जागी जातो याची पाहणी केली, तर बहुतेक घरांत एकच उत्तर मिळेल: गॅलरीत. सकाळचे वर्तमानपत्र, दुपारची जपमाळ, संध्याकाळी शाळेतून परतणाऱ्या मुलांची वर्दळ, हे सारे तेथील एका खुर्चीवरून अनुभवता येते. गुडघे थकले, जिने नकोसे झाले, की बाहेरच्या जगाशी उरलेला तोच एक धागा असतो.

गेल्या काही दशकांत या गॅलऱ्यांचे स्वरूप पालटले आहे. धूळ, कबुतरे, पाऊस आणि जागेची टंचाई या कारणांनी त्यांना सरकत्या काचा बसल्या आणि उघड्या गॅलरीची काचेची खोली झाली. तेथे ज्येष्ठांची खुर्ची तीच राहिली. मात्र खुर्चीभोवतीची हवा बदलली. एप्रिलमध्ये ही खोली तापते, जुलैमध्ये दमट होते आणि जानेवारीच्या रात्री गारठते. यावर उपाय म्हणून पडदे लावले जातात; परंतु ते बहुधा भिंतींच्या रंगाशी जुळतात की नाही एवढेच पाहून. पडदा कोणत्या बाजूला, काचेच्या आत की बाहेर, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी ओढायचा, हे प्रश्न माझ्या दृष्टीने आरोग्याचे आहेत. म्हणूनच आजचा हा लेख.

काच काय आत घेते आणि काय अडवते

काचेचे घर ही मूळची युरोपातील थंड प्रदेशांची कल्पना. संत्र्या-लिंबांची झाडे हिवाळ्यात जगावीत, उष्ण कटिबंधातील वनस्पती तेथे वाढाव्यात, यासाठी काचगृहे उभारली गेली. लंडनजवळील क्यू उद्यानातील १८४८ मध्ये पूर्ण झालेले ताडवृक्षांचे भव्य काचगृह हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. उष्णता कोंडून ठेवणे हाच त्या रचनेचा हेतू होता. आपण तीच रचना उन्हाळ्यात चाळिशी गाठणाऱ्या प्रदेशात आणली आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

साध्या काचेतून सूर्याचा प्रकाश आणि त्यासोबतची उष्णता सहज आत येते. फरशी, भिंती, खुर्ची आणि खुर्चीत बसलेली व्यक्ती ती शोषून घेतात व तापतात. या तापलेल्या वस्तू जी उष्णता बाहेर टाकतात, ती वेगळ्या प्रकारची असते. तिला काचेतून परत जाता येत नाही. शिवाय खिडक्या बंद असतील तर तापलेली हवाही तेथेच अडकते. उन्हात उभी केलेली मोटार आतून भट्टीसारखी का होते, याचे कारण हेच.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. ‘आजी रोज तासभर गॅलरीतल्या उन्हात बसतात, मग त्यांचे ड जीवनसत्त्व कमी कसे?’ असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी सूर्यप्रकाशातील जे अतिनील ‘बी’ किरण लागतात, ते साधी काच जवळजवळ पूर्णपणे अडवते. त्यामुळे बंद काचेआड बसून ऊब मिळते, ड जीवनसत्त्व मिळत नाही. त्यासाठी काच सरकवून किंवा घराबाहेर पडून उघड्या उन्हात काही वेळ बसावे लागते, अथवा वैद्यकीय सल्ल्याने औषध घ्यावे लागते. याउलट अतिनील ‘ए’ किरणांपैकी बराच भाग काचेतून आत येतो. त्वचा सुरकुतणे, काळवंडणे यांत त्यांचा वाटा असतो. काही औषधांमुळे त्वचा उन्हाबाबत हळवी होते. डॉक्सिसायक्लिन, हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि अमिओडॅरोन ही त्यांपैकी नेहमीची नावे. अशी औषधे घेणाऱ्यांनी काच बंद आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

वृद्ध शरीराला उष्णता उशिरा कळते

तरुण माणूस तापलेल्या जागेत फार वेळ बसत नाही. त्याला घाम फुटतो, तहान लागते, जीव कासावीस होतो आणि तो उठून जातो. वाढत्या वयात हे सगळे संकेत मंदावतात. घामाच्या ग्रंथी पूर्वीइतके काम करीत नाहीत. त्वचेकडे रक्त वळवून उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता घटते. शरीरातील पाण्याचे प्रमाण मुळातच कमी झालेले असते आणि तहानेची जाणीवही बोथट होते.

त्यात औषधांची भर पडते. रक्तदाब वा हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातील पाणी व क्षार कमी करतात. मधुमेहावरील काही नव्या गोळ्यांनीही लघवीचे प्रमाण वाढते. बीटा ब्लॉकर गटातील औषधे उष्णतेला तोंड देताना हृदयाची गती वाढू देत नाहीत. लघवीवर ताबा राहावा म्हणून, कंपवातासाठी किंवा मानसिक विकारांसाठी दिलेल्या काही औषधांमुळे घाम कमी येतो. यांपैकी कोणतेही औषध उन्हाळा आला म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नये. मात्र मार्च महिन्यातच आपल्या डॉक्टरांना सर्व गोळ्या दाखवून ‘उन्हाळ्यात काही बदल हवा का?’ असे अवश्य विचारावे.

एक उदाहरण सांगतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक. एप्रिलमध्ये त्यांच्या सूनबाई त्यांना घेऊन आल्या. तक्रार अशी, की दुपारनंतर बाबा गुंगीत असतात, उठताना तोल जातो, परवा तर स्नानगृहापाशी भिंत धरून कसेबसे सावरले. स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नाही ना, ही घरच्यांची धास्ती. तपासले तेव्हा जीभ कोरडी होती, आणि झोपलेल्या स्थितीतून उभे राहताच रक्तदाब बराच खाली येत होता. चौकशीत कळले, की दुपारी दोन ते सहा ते पश्चिमेकडच्या काचबंद गॅलरीत वाचत बसतात. काचा बंद, कारण रस्त्यावरची धूळ. पडदा वर गुंडाळलेला, कारण वाचायला उजेड हवा. मी त्यांना उकाड्याविषयी विचारले, तर उत्तर मिळाले, “मला काही गरम होत नव्हते, डॉक्टर. उलट बरेच वाटत होते.”

ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच जाणवले नव्हते. पाण्याचे प्रमाण सुधारले, गोळ्यांची मात्रा बदलली आणि त्यांची चक्कर थांबली. परंतु दरम्यान घरच्यांनी ठरवून टाकले होते, की गॅलरीचे दार दुपारी कुलूपबंद करायचे आणि बाबांना आतल्या खोलीत दूरदर्शनपुढे बसवायचे. त्याला मी हरकत घेतली. ज्या माणसाचा सारा दिवस एका खुर्चीभोवती फिरतो, त्याची ती खुर्ची काढून घेतली तर तो उन्हापासून वाचेल, पण वाचन, उजेड आणि माणसांचे दर्शन यांना मुकेल. या वयात त्याचेही दुष्परिणाम होतात. ऊन अडवता येते. त्यासाठी माणसाला आत कोंडण्याची आवश्यकता नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की ज्येष्ठांच्या सांगण्यावर किंवा आपल्या अंदाजावर विसंबू नका. गॅलरीत खोलीचे तापमान दाखवणारा एक साधा तापमापक लावा. तो थेट उन्हात नको. आतल्या भिंतीवर, सावलीत, खुर्चीच्या उंचीवर असावा. उष्णतेच्या काळात राहत्या खोलीचे तापमान दिवसा ३२ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. साठीपुढील व्यक्तींसाठी तो विशेष महत्त्वाचा. काटा बत्तिशीपुढे गेला, की पडदा असो वा नसो, खुर्ची आतल्या खोलीत न्यावी आणि ऊन उतरल्यावर परत आणावी. हा नियम घरात एकदा सर्वानुमते ठरला, की रोजचा वाद उरत नाही.

आधी दिशा पाहावी

पडदा घेण्यापूर्वी आपली गॅलरी कोणत्या दिशेला आहे, हे पाहावे. पुणे-मुंबईच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्याला सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या काचेतून ऊन फारसे आत शिरत नाही. वरच्या मजल्याचा सज्जा किंवा छतच ते अडवतो. खरा मारा असतो तो पूर्वेच्या काचेवर सकाळी आणि पश्चिमेच्या काचेवर दुपारी तीननंतर, कारण त्या वेळी सूर्य खाली असतो आणि किरण तिरपे, थेट खुर्चीपर्यंत येतात. या दोहोंत पश्चिमेची बाजू अधिक त्रासदायक, कारण तोवर हवा आणि भिंती आधीच तापलेल्या असतात.

हिवाळ्यात चित्र उलटते. डिसेंबरच्या अखेरीस याच अक्षांशावर माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर, दक्षिणेकडे असतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन खोलवर येते आणि ते हवेहवेसे असते. थोडक्यात, दक्षिणेची गॅलरी ज्येष्ठांसाठी सर्वांत सोयीची, पूर्वेची सकाळपुरती जपण्याची आणि पश्चिमेची दुपारभर सांभाळण्याची. उत्तरेची गॅलरी बहुतेक काळ सावलीत असते. तेथे उन्हापेक्षा हिवाळ्यातील गारठा आणि पावसाळ्यातील ओल यांचाच विचार करावा.

कोणता पडदा, आणि काचेच्या कोणत्या बाजूला

ऊन काचेच्या बाहेरच अडवणे हा सर्वांत परिणामकारक मार्ग. आतला पडदा तापतो तेव्हा उष्णता आधीच घरात आलेली असते. बाहेरचा पडदा तापला तरी त्याची उष्णता बाहेरची हवा वाहून नेते. आपल्या वाडवडिलांनी ओसरीवर बांबूच्या चिका आणि वाळ्याचे पडदे टांगले, त्यामागे हेच शहाणपण होते. आजही पश्चिमेच्या गॅलरीला बाहेरून बांबूची चिक किंवा जाळीदार कापडाचा गुंडाळता येणारा पडदा लावता आला, तर तो पहिल्या पसंतीचा समजावा. मात्र इमारतीच्या दर्शनी भागात बदल करण्यापूर्वी सोसायटीची परवानगी घ्यावी आणि वाऱ्यात सुटून खाली पडणार नाही अशा रीतीने तो पक्का बांधावा.

बाहेरून शक्य नसेल, तर आतल्या पडद्याची काचेकडील बाजू पांढरी किंवा चकाकणारी असावी, म्हणजे निदान काही उष्णता आली तशी परत जाईल. गडद रंगाचा पडदा ती शोषून घेतो आणि खोलीतच सोडतो. पडदा व काच यांमधील हवा तापून वर चढते. म्हणून वरची एखादी झडप किंवा सरकती काच थोडी उघडी ठेवावी.

आडव्या पट्ट्यांच्या पडद्याचा लाभ असा, की पट्ट्या तिरप्या करून थेट ऊन टाळता येते आणि उजेड छताकडे वळवता येतो. वाचनप्रेमी ज्येष्ठांना तो सोयीचा. पण पट्ट्यांवर धूळ फार बसते. गुंडाळीचा पडदा पुसायला सोपा. मात्र त्याला ‘उघडा’ आणि ‘बंद’ यांखेरीज मधली अवस्था फारशी नाही. उभ्या पट्ट्यांचा पडदा पूर्व-पश्चिमेच्या तिरप्या उन्हाला बऱ्यापैकी आवरतो. मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ घड्यांचा पडदा आपल्या पोकळ्यांत हवा धरून ठेवतो, म्हणून थंडीत उपयोगी. पण तो महाग असतो.

ओल्या वाळ्याच्या पडद्याबद्दलही सांगितले पाहिजे. नागपूर, अकोला, जळगाव यांसारख्या ठिकाणच्या कोरड्या उन्हाळ्यात भिजवलेल्या पडद्यातून येणारा वारा खरोखर गार होतो, कारण पाण्याचे बाष्प होताना उष्णता शोषली जाते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या दमट हवेत ते बाष्पीभवन नीट होतच नाही. पडदा नुसता ओला राहतो, खोलीचा दमटपणा वाढतो आणि घाम सुकेनासा होतो. किनारपट्टीवर कोरडी सावली आणि खेळती हवा हेच खरे उपाय.

वर्षभराचे वेळापत्रक

*उन्हाळा.* पहाटे सर्व काचा उघडून रात्रीची गार हवा आत घ्यावी. ऊन काचेला लागण्यापूर्वीच पडदा खाली सोडावा. गॅलरी तापल्यावर पडदा ओढणे म्हणजे उशीर झाला. कोरड्या प्रदेशात बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम झाली, की काचाही बंद कराव्यात. किनाऱ्यावर त्या उघड्याच बऱ्या. सूर्यास्तानंतर पडदे व काचा दोन्ही उघडावे. खुर्चीशेजारी पाण्याचे भांडे असावे आणि तहानेची वाट न पाहता घोट घोट पाणी घ्यावे. ताक, कोकम सरबत, पन्हे उत्तमच. पण मधुमेहींनी साखरेचे, रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाचे भान ठेवावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याचे बंधन आहे, त्यांनी प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. औषधे, विशेषतः इन्सुलिन, गॅलरीतील फडताळात ठेवू नये. वापरात असलेले बहुतेक इन्सुलिन ३० अंशांपुढील उष्णतेत परिणामकारकता गमावू लागते.

*पावसाळा.* या दिवसांत उन्हाऐवजी ओल ही चिंता असते. कापडी पडदे ओलसर राहिले, की त्यांवर बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात. दमा किंवा जुना श्वासविकार असलेल्यांचा खोकला त्यामुळे बळावतो. जूनपूर्वी जाड कापडी पडदे काढून ठेवावेत आणि पुसता येण्याजोगे पडदे वापरावेत. पाऊस उघडताच काचा सरकवून गॅलरी वाळू द्यावी. झडीने फरशी ओली होते. ती पुसल्याशिवाय ज्येष्ठांना तेथे पाठवू नये.

*ऑक्टोबर.* पावसाळा सरला म्हणून पडदे वर गेलेले असतात आणि ऑक्टोबरचा उकाडा नेमका तेव्हाच येतो. दक्षिणेकडे कललेले ऊनही याच काळात काचेतून आत येऊ लागते. हे तीन-चार आठवडे उन्हाळ्याचेच नियम पाळावेत.

*हिवाळा.* सकाळी ऊन येताच पडदे पूर्ण वर घ्यावेत. फरशी आणि भिंती तापू द्याव्यात. मावळतीपूर्वी ते खाली सोडावेत, म्हणजे दिवसभराची ऊब काचेतून लवकर निघून जाणार नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. वृद्धांना उष्णतेप्रमाणे थंडीचीही जाणीव कमी होते. थंडीच्या काळात राहत्या खोलीचे तापमान १८ अंशांखाली जाऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. नाशिक किंवा महाबळेश्वरच्या पहाटे काचबंद गॅलरी त्याच्या बरीच खाली जाते. म्हणून भल्या पहाटेचा चहा आत, आणि ऊन आल्यावरचा दुसरा चहा गॅलरीत, अशी सवय ठेवावी.

डोळे, तोल आणि मन

मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना समोरून येणारा झगझगीत प्रकाश सहन होत नाही. सारे धूसर होते. अशांनी काचेकडे तोंड करून न बसता खुर्ची बाजूला वळवावी, म्हणजे उजेड खांद्यावरून पुस्तकावर येईल. वृद्ध डोळ्यांना लख्ख उजेडातून अंधाऱ्या खोलीत आल्यावर सरावायला वेळ लागतो. गॅलरीतून उठून आत येताना होणाऱ्या पडझडीचे हे एक कारण आहे, आणि सरकत्या दाराची जमिनीवरची उंच पट्टी हे दुसरे. त्या पट्टीला ठळक रंगाची चिकटपट्टी लावावी, आतल्या खोलीत दिवा ठेवावा, आणि उठल्यावर क्षणभर आधार धरून थांबण्याची सवय ज्येष्ठांना लावावी.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीची देखभाल करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. आडव्या पट्ट्यांच्या पडद्यातून जमिनीवर उजेड-सावलीचे पट्टे पडतात. अशा व्यक्तीला ते पायऱ्या किंवा खड्डे भासू शकतात आणि ती पाऊल टाकायला घाबरते. तेथे एकसंध कापडाचा पडदा बरा. दुसरे असे, की अंधार पडला आणि घरात दिवे लागले, की काचेचा आरसा होतो. त्यातील स्वतःचेच प्रतिबिंब पाहून ‘बाहेर कोणीतरी उभे आहे’ असे वाटून ती व्यक्ती अस्वस्थ होते. तिन्हीसांजेला दिवा लावण्याआधी पडदा ओढला, तर हा त्रास पुष्कळ अंशी टळतो. मात्र दिवसा पडदे सतत बंद ठेवू नयेत. सकाळचा भरपूर उजेड शरीराचे घड्याळ जाग्यावर ठेवतो. दिवसभर अंधुक प्रकाशात बसणाऱ्या वृद्धांची रात्रीची झोप विस्कटते.

दोरी आणि धूळ

पडदा चालवण्याची दोरी हा छोटासा भाग. पण त्यातील धोका मोठा आहे. लोंबती दोरी किंवा साखळीचा फास लहान मुलांच्या गळ्याभोवती आवळून जगभर मृत्यू झाले आहेत. ज्या घरात नातवंडे येतात, तेथे ती भिंतीवरील खुंटीला उंचावर गुंडाळावी, किंवा बिनदोरीचा पडदा घ्यावा. जमिनीवर रुळणारी दोरी ज्येष्ठांच्या पायात अडकते, तेही टाळावे. त्याच वेळी खुर्चीत बसल्या बसल्या पडदा वर-खाली करता यावा, अशी योजना हवी. बसलेल्या माणसाच्या हाताला येणारा दांडा, किंवा परवडत असल्यास कळीवर चालणारा पडदा. सांधेदुखीने बोटे वाकलेली असतील, तर बारीक साखळीपेक्षा जाड मुठीचा दांडा सोयीचा.

पडदे पंधरा दिवसांतून एकदा ओल्या फडक्याने पुसावेत. कोरड्या फडक्याने झटकले, की धूळ श्वासात जाते. हे काम स्टुलावर चढून ज्येष्ठांनी कधीही करू नये. खुबा मोडलेल्या आजी-आजोबांच्या हकिगतींत ‘जरा पडदा काढायला चढले होते’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकले आहे.

मुलांकडे विलायतेत गेल्यावर

आपले अनेक वाचक मुला-मुलींकडे ब्रिटनमध्ये काही महिने राहावयास जातात. तेथील पुष्कळ घरांना मागच्या बाजूस बागेलगत काचेची खोली जोडलेली असते. तिला ते कन्झर्व्हेटरी म्हणतात. आपल्या गॅलरीहून तिचा मोठा फरक असा, की पुष्कळदा छतही काचेचे किंवा पारदर्शक असते. त्यामुळे केवळ बाजूच्या पडद्यांनी काम भागत नाही. छतालाही पडदा हवा. ‘थंड देशात कसला उन्हाळा?’ असे समजू नये. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधील कोनिंग्सबी येथे ४०.३ अंश तापमानाची नोंद झाली, आणि तेथील बहुसंख्य घरांत वातानुकूलन नाही. अशा दिवसांत ही खोली दुपारी वापरू नये आणि तिच्याकडे जाणारे घराचे दार बंद ठेवावे.

हिवाळ्यात तीच खोली घरातील सर्वांत थंड जागा असते. निरभ्र दिवशी दुपारी पडदे उघडून तेथे जरूर बसावे. पण दुपारी चारच्या सुमारास अंधार पडू लागतो, त्यापूर्वी पडदे सोडून आत यावे. जूनमध्ये लंडनला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. तेव्हा झोपेच्या वेळा बिघडू नयेत म्हणून निजायच्या खोलीला उजेड पूर्ण अडवणारा पडदा लावून घ्यावा.

धोक्याची चिन्हे

एवढी काळजी घेऊनही उष्णतेचा त्रास होऊ शकतो. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, उभे राहताना चक्कर, लघवी कमी व गडद होणे ही पहिली चिन्हे. अशा वेळी तत्काळ गार जागी न्यावे, कपडे सैल करावेत, पाणी किंवा क्षार-साखरेचे द्रावण घोट घोट द्यावे. बोलणे असंबद्ध होणे, गुंगी, अंग तापलेले असणे, झटके येणे ही उष्माघाताची लक्षणे होत. घाम येतो आहे म्हणून उष्माघात नाही असे समजू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, मान, काखा व जांघा यांवर बर्फाच्या पुरचुंड्या ठेवाव्यात. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

ज्येष्ठांच्या सुरक्षिततेचा विचार करताना कुटुंबे नकळत त्यांचे जग लहान करीत जातात. आधी बाजार बंद होतो, मग बाग, मग जिना, आणि शेवटी गॅलरीही. यांतील काही गोष्टी अपरिहार्य असतात. गॅलरी मात्र तशी नाही. योग्य बाजूला लावलेला एक पडदा, भिंतीवरचा तापमापक, शेजारी पाण्याचे भांडे आणि ठरलेले वेळापत्रक एवढ्या सामग्रीवर ती बाराही महिने वापरता येते. पडद्याचा दांडा शक्य तोवर आजी-आजोबांच्याच हातात असू द्यावा. घरातील कोणीतरी दिवसातून दोनदा, दुपारी जेवणानंतर आणि चारच्या चहाला, तापमापकाकडे नजर टाकून त्यांच्याशी चार शब्द बोलावे. या आठवड्यात एवढे एकच करा: आपल्या घरातील ज्येष्ठांच्या खुर्चीत दुपारी तीन वाजता स्वतः अर्धा तास बसून पाहा. पडदा कोठे हवा, हे त्या अर्ध्या तासात आपल्याला कळेल.